चौथ्या पुडीचा संशयित

खून नानासाहेबांनी केला की नाही, हे खुद्द नानासाहेबांनाही माहीत नव्हतं.

तसे ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करत. बावीस वर्षं झाली होती. घर हर्सूलला, तलावाच्या अलीकडच्या गल्लीत. नाटकाचा नाद शाळेपासूनचा. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दोनदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेलं, त्याच्या चौकटी पुढच्या खोलीत लावलेल्या. दोन वर्षांपूर्वी पैठणकडं एका वेब सिरीजचं शूटिंग आलं आणि इथलीच माणसं हवीत म्हणून बोलावणं निघालं. नानासाहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले आणि कंपाउंडरची भूमिका घेऊन परत आले.

सिरीजचं नाव ‘चौथी पुडी’. साखर कारखान्याचे म्हातारे चेअरमन आजारी असतात. डॉक्टरांनी दिवसाला तीन पुड्या सांगितलेल्या. एका सकाळी चेअरमन अंथरुणात मेलेले सापडतात आणि उशीखाली चौथ्या पुडीचा कागद निघतो. आठ भागांत संशय बायकोवर जातो, भावावर जातो, डॉक्टरवर जातो. अगदी शेवटच्या क्षणी दवाखाना बंद करणारा गरीब कंपाउंडर वळून बघतो आणि ओठाच्या एका कोपऱ्यात किंचित हसतो. तिथं पहिला सीझन संपतो.

ते हसणं नानासाहेबांचं होतं. त्या दिवशी दिग्दर्शिका मोनिकाताईंनी एवढंच सांगितलं होतं, “नुसतं बघा. मनाशी काही ठरवू नका.” नानासाहेबांनी खरंच काही ठरवलं नव्हतं. त्यांना भूक लागली होती आणि हे झालं की जेवण आहे, एवढंच डोक्यात होतं.

सिरीज ॲपवर आली तेव्हा त्यांनी मोठा टीव्ही घेतला, ॲपचे पैसे भरले आणि अख्ख्या गल्लीला आवतण दिलं. चार रविवार, दुपारी चार वाजता, दोन-दोन भाग. शेजारचे कमरोद्दीनचाचा सगळ्यात पुढं, खुर्चीवर. त्यांचा मान तेवढा होताच, कारण चाचांनी शहरातल्या एका डॉक्टरकडं पस्तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. पुडी कशी बांधायची, कागदाला घडी कुठं घालायची आणि हात चालू ठेवून पेशंटशी गप्पा कशा मारायच्या, हे सगळं नानासाहेब त्यांच्याकडंच शिकले होते. चाचांची सून कहकशा दर रविवारी परातभर भजी घेऊन यायची. आठवा भाग संपला तेव्हा सगळ्यांनी वळून नानासाहेबांकडं बघितलं. मग चाचा म्हणाले, “नानासाहेब, ही पुडी मी शिकवलेली नाय हां.” सगळे हसले.

पुढचे चार महिने मजेत गेले. कंपनीच्या बसमध्ये लोक त्यांना ‘कंपाउंडर साहेब’ म्हणू लागले. कँटीनमध्ये ते चहाच्या भांड्याजवळ गेले की कोणीतरी म्हणायचं, जरा लांबून. नानासाहेब गालातल्या गालात हसायचे. दुसऱ्या सीझनमध्ये सगळं उघड होणारच होतं.

आणि मग एका रात्री कामावर जेवणाच्या सुट्टीत बातमी आली. ‘चौथी पुडी’चा दुसरा सीझन निघणार नाही. ॲपवाल्यांनी मालिका बंद केली होती. बातमी चार ओळींची होती. नानासाहेबांनी ती दोनदा वाचली आणि डबा तसाच झाकून ठेवला.

खरी अडचण घरात उभी राहिली. त्या चार रविवारी मालिका बघायला आलेल्या सासूबाई, म्हणजे गोजरबाई, आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुन्हा लेकीकडं आल्या होत्या. डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचं होतं. नानासाहेबांची बायको आशाबाई अंगणवाडीत शिकवायच्या, त्या एकनंतर घरी यायच्या. नानासाहेबांची त्या महिन्यात दुसरी पाळी होती, म्हणून सकाळचं औषध त्यांच्याकडं आलं. दुसरा सीझन येणार होता तोवर गोजरबाई निमूट डोळा उघडायच्या. मालिका बंद झाल्याचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी नानासाहेब बाटली घेऊन आले, तर त्या पदरानं तोंड झाकून बसल्या.

“राहू द्या, जावईबापू. आशा आली की घालंल.”

“आत्या, दहा वाजता घालायचंय. डॉक्टर रागावतील.”

“रागावू द्या.”

दुपारी आशाबाईंना हे कळलं. “आई, अगं ते नाटक हाय.”

“नाटक हाय ते कळतंय मला. म्या काय येडी हाय? पर त्या नाटकात तरी खून यांनी केला का नाय, ते सांग.”

आशाबाईंना सांगता येईना. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. “अहो, केलाय का?”

“मला कुठं सांगितलं होतं त्यांनी,” नानासाहेब म्हणाले.

“झालं,” गोजरबाई म्हणाल्या. “ज्याचं त्यालाच ठाव नाय. असल्या माणसाकडून डोळ्यात औषध घालून घेऊ का मी?”

तीन दिवस सकाळचं औषध चुकलं. चौथ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारच्या नमाजनंतर कमरोद्दीनचाचा घरी आले ते टोपी हातात घेऊन, चेहरा पाडून. चहाच्या हॉटेलात पोरं त्यांची मस्करी करत होती. चाचा, तुमच्या चेल्यानं चेअरमनला मारलं का नाही, ते तरी सांगा.

“पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक पुडी चुकली नाय,” चाचा म्हणाले. “आता या उमरमध्ये लोक विचारू राहिले की कंपाउंडर लोक असंच करतात का. हसण्यावारी नेतो मी, पण लागतं हो. तुम्ही त्या बाईंना फोन लावा. जे असंल ते असंल. एकदाचं कळू द्या.”

फोन लावायचं नानासाहेबांच्या मनात बातमी आल्यापासूनच होतं, पण संकोच वाटत होता. मालिका बंद झालेल्या बाईला काय विचारायचं? तरी रविवारी सकाळी त्यांनी लावला. फोन मधोमध ठेवून आवाज मोठा केला. भोवती चाचा, आशाबाई आणि काळा चष्मा लावलेल्या गोजरबाई.

मोनिकाताईंचा आवाज ऐकून नानासाहेबांना हायसं वाटलं. त्या थकलेल्या होत्या, पण नाव ऐकताच खुलल्या. “नानासाहेब, मला वाटलं आता या मालिकेची कोणाला आठवणच नसेल.”

“आठवण?” गोजरबाई मध्येच बोलल्या. “आठ भाग दोनदा बघितलेत मी. मालिका काहून बंद केली तुम्ही?”

“मी नाही केली, आजी. त्यांनी केली. किती घरांत लागली, त्यांतल्या किती जणांनी शेवटपर्यंत बघितली, ते त्यांच्याकडं मोजलेलं असतं. आकडा कमी पडला.”

“कमी कसा पडंल? आमच्या एका खोलीत तेवीस माणसं होती. मी मोजली होती.”

मोनिकाताईंना खरं वाटेना. “तेवीस जण? एकाच टीव्हीवर?”

“व्हय. गल्लीत कोणीच पैसे भरले नायत. जावईबापूंनी भरले, सगळ्यांनी बघितलं.”

मोनिकाताई हसायला लागल्या, आणि बराच वेळ हसल्या. “आजी, ते तेवीसचे एकच धरले गेले.”

नानासाहेबांनी डोक्याला हात लावला. चार रविवार त्यांनी स्वतः दारात उभं राहून लोकांना आत घेतलं होतं. आपापल्या घरी बघतो म्हणणाऱ्यांनाही हात धरून बसवलं होतं, वेगळे पैसे कशाला घालवता म्हणून.

“हर्सूलच्या एका गल्लीमुळं काही झालं नसतं, नानासाहेब,” मोनिकाताई जणू त्यांचा चेहरा दिसत असल्यासारख्या म्हणाल्या. “पण अशा गल्ल्या किती होत्या, ते आता कोण सांगणार?”

मग चाचांनी कोपरानं ढोसलं. नानासाहेबांनी घसा साफ केला. “ताई, एक विचारायचं होतं. चेअरमनला... मीच का?”

“हो,” मोनिकाताई म्हणाल्या. “तुम्हीच.”

 चाचांनी डोळे मिटले.

मोनिकाताईंनी मग सगळं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी चेअरमननं स्वतः केलेला घोटाळा कंपाउंडरच्या धाकट्या भावावर ढकलला होता. भाऊ तुरुंगात गेला आणि तिथंच खंगून मेला. “दुसरा सीझन तुमचाच होता, नानासाहेब. आठही भाग. तुमचा चेहरा बघूनच मी ते लिहायला घेतलं होतं.”

फोन ठेवल्यावर नानासाहेब उठून मागच्या दारी गेले आणि उगाच नळाखाली हात धुवत राहिले. आशाबाई मागोमाग आल्या.

“आठ भाग, आशा,” ते म्हणाले.

“ऐकलं मी.”

“मला वाटायचं, दोन सीन असतील. लई तर तीन.”

आशाबाईंनी नळ बंद केला आणि आपला पदर त्यांच्या हातात दिला. “तुमचा चेहरा बघून लिहिलं म्हणाल्या. हे कोणाला मिळतं?” नानासाहेबांनी हात पुसले. ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले, आणि आशाबाईही.

आत आले तर गोजरबाई चष्मा काढून, मान वर करून बसलेल्या. “घाला औषध. दहा वाजून गेले.”

“आता भ्या नाय वाटत?” आशाबाईंनी विचारलं. “आता तर खून केला म्हणून कळलं.”

“कळलं म्हणूनच. कारण होतं त्याच्याजवळ. मी काय यांच्या भावाला आत टाकलंय?”

नानासाहेबांनी दोन थेंब घातले. 

संध्याकाळी मोनिकाताईंनी चार पानं पाठवली. कंपाउंडर सगळं कबूल करतो तो प्रवेश. सोबत एकच ओळ होती, की हे शूट होणार नाही, पण तुमचं आहे, तुमच्याकडं असावं. नानासाहेबांनी आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये ते पाठ केलं. खिडकीकडं तोंड करून पुटपुटायचे, ‘मी पुडी बांधली, पण कागद तुमच्याच हिशेबाच्या वहीचा होता.’ शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर गेला.

पुढच्या रविवारी चार वाजता गल्ली पुन्हा गोळा झाली, चहाच्या हॉटेलातली पोरंसुद्धा. टीव्ही बंदच होता. नानासाहेबांनी साधा पांढरा सदरा घातला होता. समोर चाचांचा जुना खल आणि बत्ता, कागदाचे चौकोनी तुकडे. ते बोलत बोलत पुड्या बांधत होते. भावाचं लहानपण, तुरुंगाच्या दारात नेलेला डबा, परत आणलेला डबा. आवाज कुठं चढला नाही. भावाच्या शेवटच्या भेटीपाशी आले तेव्हा हातातली पुडी बांधायची तशीच राहिली, आणि हे पानांत लिहिलेलं नव्हतं. परात घेऊन दारात आलेली कहकशा तिथंच उभी राहिली. भजी गार झाली.

संपलं तेव्हा पहिल्यांदा गोजरबाई बोलल्या. “बरं केलं,” त्या म्हणाल्या. आशाबाईंनी त्यांना ऑपरेशनचा डोळा पुसू दिला नाही.

चाचा खुर्चीतून उठले आणि त्यांनी नानासाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले. “पुड्या एकदम बरोबर बांधल्या,” ते म्हणाले. “खून केला ते वाईट केलं. पण कंपाउंडर चांगला होता.” मग हॉटेलातल्या पोरांकडं वळून म्हणाले, “ऐकलं का? चांगला होता.”

“पण पुढं काय झालं?” कहकशानं विचारलं. “पकडलं का त्याला?”

नानासाहेबांनी पानं उलटून बघितली. “इथंच संपतं. पुढचं ताईंनी लिहिलं नाय.”

मग मात्र खोलीत एकच गलका झाला. कोणी म्हणालं फाशी, कोणी म्हणालं जन्मठेप. चाचा पाच वर्षांवर आले, कारण कायदा तो कायदा. गोजरबाई निर्दोष सोडायला निघाल्या होत्या आणि चाचांचं काही ऐकायला तयार नव्हत्या. आशाबाईंनी भजी पुन्हा गरम करायला घेतली. नानासाहेब चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर टेकले आणि आपल्याला किती शिक्षा होते ते ऐकत बसले.