सैल कॉलर

आमच्या शिवणकामाच्या दुकानात एक नियम आहे. गिऱ्हाईकाची कंबर वाढली तरी ब्र काढायचा नाही. विजार गुपचूप उसवायची, शिवणीत राखलेली जास्तीच्या कापडाची माया सोडून सैल करायची आणि हसून हातात ठेवायची. नियम आमच्या ह्यांचा, आणि त्याचा ह्यांना भारी तोरा.

त्यामुळे ह्यांची स्वतःची कंबर वाढायला लागली तेव्हा ह्यांनी विजार मुकाट्याने माझ्या मशीनवर आणून ठेवली, आणि मीही मुकाट्याने सैल करून दिली. मग पुन्हा. मग आणखी एकदा. जिना चढताना धापा टाकायचे, तर मी मनात म्हणायचे, खा अजून!

एकदा मी ह्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून देत होते, तर कॉलरमध्ये माझी बोटं आरामात गेली. पोट सुटलेल्या माणसाचा गळा कधी बारीक होतो का? हातातलं काम तसंच टाकलं आणि ह्यांना दवाखान्यात नेलं.

निघाला क्षय. पण फुप्फुसात नाही, हृदयाभोवतीच्या पातळ आवरणात. तिथे पाणी साठून हृदय दाबलं जात होतं, म्हणून पोट आणि पाय सुजलेले.

"म्हणजे अस्तर बिघडलंय," हे म्हणाले. "आतलं कापड?"

"कापड उत्तम आहे," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण हे अस्तर पुढे जाड होऊन आवळू शकतं. गोळ्या सोडल्यात तर विचारूच नका. मग छाती उघडून ते काढावं लागेल."

सुईने पाणी काढलं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, तर हे म्हणतात, "अगं, माझा रंग जातोय!" मी हसले नाही. रोज सकाळी गोळ्या गिळून होईपर्यंत समोरून हलायचे नाही. हा माणूस गेला तर मी भांडू कोणाशी?

गोळ्या संपल्यावर बाईंनी पुन्हा हृदयाची सोनोग्राफी केली. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"आवळलेलं नाही," म्हणाल्या. मला तिथेच रडू फुटलं.

"रडतेस काय? विजार आत घे, भर रस्त्यात घसरेल," हे म्हणाले.

घरी येऊन मी टेप घेतली. कंबर मापली, मग गळा, मग पुन्हा कंबर.

"गिऱ्हाईकाला असं सारखं सारखं मापत नाहीत," हे कुरकुरले.

"तुम्ही गिऱ्हाईक नाही," मी म्हटलं.