वाबिगोनने शिवलेली होडी

मी एक जुनी होडी आहे, भूर्जाच्या सालीची. मित्रांनो, माझ्या अंगात एकही खिळा नाही. वाबिगोनने मला स्प्रूस झाडाच्या मुळांनी शिवले आणि शिवणींवर राळ-चरबीचा लेप दिला. तिचा नवरा ओनोरे मागे बसून वल्ह्याने मला वळवायचा. आम्ही वर्षानुवर्षे व्यापारी वखारीसाठी कातड्यांची गाठोडी वाहिली. पण मला कुणी कधी काठावर ओढले नाही. साल फाटू नये म्हणून माणसे कमरेइतक्या पाण्यात उतरून मला भरायची. एवढा मान मिळाल्यावर कष्टांचे काय वाटणार?

मग नकाशे काढणारे मॅक्रे साहेब आले. त्यांच्या नकाशावर नदी तलावापर्यंत होती, पुढे कोरा कागद. ती समुद्राला मिळते का, हे पाहायला आम्ही निघालो. त्या वर्षी नदीवरचे बर्फ उशिरा फुटले होते, त्यामुळे साहेब घाईला आले होते. रिवाजाप्रमाणे एक वल्हेकरी त्यांना पाठीवर घेऊन होडीत बसवायला आला. सगळी वस्ती बघत होती. साहेबांना लाज वाटली आणि त्यांनी काठावरच्या खडकावरून बुटांसकट माझ्यात उडी मारली. माझी शिवण उसवली.

थोडेच पाणी येतेय, वाटेत बघू, असे साहेब म्हणाले. वाबिगोन त्या बर्फगार पाण्यात शिरली आणि माझे टोक धरून उभी राहिली.

"साहेब, पुढं नदी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. होडी कशी आहे ते मला ठाऊक आहे. माझा नवरा यात बसलाय. सामान उतरवा."

"उतरवा, साहेब," ओनोरे हळूच म्हणाला. "वीस वर्षं मी तिचं ऐकतोय, म्हणून तर जिवंत आहे."

सामान उतरले. ती शिवत बसली. साहेबांनी आधी येरझाऱ्या घातल्या, मग तिच्या शेजारी बसून बघत राहिले. निघताना तिने मुळांचे भेंडोळे त्यांच्याच हातात दिले.

काय दिवस होते ते! रोज नवे वळण, आणि पलीकडे काय आहे ते कुणालाच माहीत नाही.

समुद्र पाहून पानगळीत आम्ही परतलो. वाबिगोनने ओनोरेला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, मग माझ्यावरून हात फिरवला. एका जागी टाके वाकडेतिकडे होते.

"हे कुणी शिवलं?"

"साहेबांनी. धबधब्याखाली होडी फाटली आणि माझा हात मोडला होता. नाहीतर तिथंच राहिलो असतो सगळे."

तिने ते टाके उसवले नाहीत. त्यांच्यावर फक्त राळ लावली.

आता मी वखारीच्या आढ्याला टांगलेली आहे. साल तडकू लागली आहे. मित्रांनो, शिवणारे हात घरात आहेत तोवर त्यांच्याजवळ जरा बसा. इथे राळ आहे, मुळेही आहेत. टाका घालता येणारे कुणी उरलेले नाही.