बाकाचं उन्हाचं टोक

उन्हाळ्यात बाकाचं सावलीचं टोक आणि थंडीत उन्हाचं टोक शिंपीआजींचं, हे बागेत सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात आजी गेल्या. थंडी पडल्यावर शिंपीआजोबा पहिल्यांदाच एकटे आले, तर सगळे सवयीनं सरकून बसलेले आणि उन्हाचं टोक मोकळं. आजोबांचा पाय तिथेच अडला. ते मागे वळले.

आता गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे बाकावर मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या एका तरुण आईला कळलं. ती उठली.

"आजोबा, याला जरा उन्हात घेऊन बसता? माझे हात भरून आलेत."

"अंगावर मुतेल गं माझ्या!"

"मुतू दे की. उन्हात वाळेल."

आजोबा त्या टोकावर बसले. बाळाला मांडीवर घेतलं. मग बाळाच्या टोपीची उसवलेली शिवण चाचपत म्हणाले, "उद्या सुई-दोरा आणतो."