चित्राभोवतीची पांढरी कड

ते अठ्ठ्याहत्तर साल. छापखान्यातले मशीनवाले आणि बांधणीवाल्या बायका एकमेकांशी कामापुरतंही बोलत नव्हत्या, म्हणून मालकांनी एक बाई बोलावल्या होत्या. माणसांना एकमेकांशी बोलायला शिकवणं हाच त्यांचा पेशा. मालकांचं म्हणणं, इथे कागदावर दिवसाला लाखभर शब्द उमटतात आणि तोंडातून एक निघत नाही.

या अबोल्याचं मूळ वहिनींच्या घरात होतं. मशीनमन त्यांचा सख्खा दीर, म्हणून सगळा छापखानाच त्यांना वहिनी म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या पुस्तकांची मोठी खेप तिरकी निघाली. कटिंग वहिनींचं होतं, बोल त्यांच्यावर आला. त्यांना कटिंग मशीनवरून उठवून फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापून घडी घातलेले कागद, जुळवायला बसवलं. तिरकी होती ती छपाई, हे वहिनींना ठाऊक होतं आणि दिराला त्याहून जास्त. पण तो नव्या मशीनवर नुकताच बसला होता, त्याने तोंडात गुळणी धरली. तेव्हापासून एका घरात राहून दोघांचं बोलणं बंद. छापखान्यातही मशीनवाले दिराच्या बाजूने झाले आणि बांधणीच्या बायका वहिनींच्या. मीठ हवं असलं तरी निरोप वहिनींच्या नवऱ्यामार्फत जायचा. तो बिचारा म्हणायचा, मी नवरा कसला, मी तर तारखातं.

वहिनींना माफी नको होती. कटिंग सरळ होतं एवढं दिराने चारचौघांत म्हणावं आणि आपलं मशीन आपल्याला परत मिळावं, इतकंच मागणं होतं.

शिकवणाऱ्या बाईंनी दुपारी लांब टेबल रिकामं करून घेतलं आणि त्यावर चाळीस चित्रांचे पत्ते पसरले. काठाला बांधलेली होडी, अर्धवट उघडं दार, रिकामा झोका, अशी साधी चित्रं. त्यातलं मनाला भिडेल ते उचलायचं आणि जे आठवेल ते सांगायचं. पत्ता ज्याच्या हातात तोच बोलणार, इतरांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

पण ही माणसं पडली छापखान्यातली. बाई पाणी प्यायला वळल्या, तेवढ्यात बांधणीच्या बायकांनी सगळे पत्ते गोळा करून, ठोकून, कडा जुळवून चार नेटके गठ्ठे लावून ठेवले. बाईंनी ते पुन्हा पसरले. मग शाईवाल्याने होडी उचलली. काय आठवतं, असं बाईंनी विचारल्यावर तो बराच वेळ पत्ता डोळ्यांशी धरून म्हणाला, "निळा जरा सरकलाय." पुढच्याने दार उचललं आणि कागद हलका वापरलाय म्हणून हळहळला. बाईंना हसावं की रडावं कळेना. चित्र बघा हो, छपाई नका बघू, असं त्या विनवू लागल्या.

वहिनींनी झोका घेतला. त्यांना खरोखरच काहीतरी आठवलं होतं. त्या बोलणार, इतक्यात प्रूफं तपासणारा मान वाकडी करून पत्त्याकडे बघत म्हणाला, "ही डावी कड वर बोटभर, खाली नखाएवढी. वहिनी, हे कटिंग तुमचंच का?"

सगळे हसले. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलावरचा दुसरा पत्ता उचलून झोक्याच्या पाठीला पाठ लावून धरला. चारही कोपरे जुळले; कापताना तिरकं झालं असतं तर असे उलटे धरल्यावर जुळले नसते. म्हणजे कापलेलं सरळ होतं, छापलेलं तिरकं. त्या वेळी पुस्तकं अशी धरून दाखवायची सवडच त्यांना मिळाली नव्हती. संध्याकाळच्या आत सगळा माल रद्दीत गेला होता.

दीर समोरच होता. त्याने ते कोपरे पाहिले. मग उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि हात पुढे केला. वहिनींनी पत्ता दिला.

"कटिंग बरोबर आहे," तो म्हणाला. "कागद मशीनला नीट टेकला नाही की असं होतं." मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "शाळेच्या पुस्तकांचंही असंच झालं होतं. वहिनींची चूक नव्हती. माझी होती. मी घाबरलो आणि गप्प बसलो."

बाईंना वाटलं, यांचं अजून कटिंगच चाललंय. त्यांनी हळूच विचारलं, आणि झोक्याकडे बघून काय वाटतं?

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "हात एवढा झरझर चालतो तुमचा, मग जिभेला सहा वर्षं?"

"जड होती, वहिनी."

पुढच्या सोमवारी वहिनी कटिंग मशीनवर बसल्या. मालकांनी दिराला बंद खोलीत अर्धा तास झापलं, पण मशीनवरून काढलं नाही. ते मशीन भंगारात जाईपर्यंत तोच चालवत होता. प्रूफं तपासणारा पुढे एका वर्तमानपत्रात गेला आणि तिथे एका धडधाकट माणसाची निधनवार्ता त्याच्या नजरेखालून सुटली. शिकवणाऱ्या बाई पत्त्यांचा डबा घेऊन पुष्कळ वर्षं गावोगाव फिरल्या, मग बहिणीकडे राहायला गेल्या. वहिनींच्या नवऱ्याचं तारखातं बंद पडलं. सुरुवातीला त्याला जेवताना करमायचं नाही. तो ब्याण्णव साली गेला. वहिनी मात्र साठ वर्षांच्या होईपर्यंत त्या पात्याखाली कागद सरकवत राहिल्या आणि दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आल्या.