धाकट्याची गोधडी

"ताई, ती पिशवी आज बाहेरच राहू द्या," वॉर्डातल्या आयाबाईंनी दारात हात आडवा धरला.

ताई थबकल्या. पिशवीत नवी गोधडी होती. सोफ्याची कव्हरं शिवायच्या दुकानात दिवसभर मशीन चालवून त्या उरलेले तुकडे घरी आणत आणि जोडत बसत. नवरा याच वॉर्डात गेला, तेव्हा शेवटपर्यंत थंडी वाजते म्हणत होता आणि दवाखान्याची चादर पार विरलेली होती. तेव्हापासून इथल्या कॅन्सरच्या पेशंटांसाठी त्या गोधड्या शिवत होत्या. कुणाला तेवढाच धीर.

"का? धुतलेली आहे."

"तसं नाही हो. रागावू नका." आयाबाईंनी आवाज खाली आणला. "ज्याचं दुखणं फार वाढलंय त्यालाच सिस्टर तुमची गोधडी देतात. चांगल्या मनानंच देतात. पण गोधडी आली की माणूस जातो, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. परवा एकाला पांघरायला गेले, तर त्यानं हात झिडकारला माझा. म्हणाला, अजून नाही."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. आजची गोधडी तर त्यांनी सख्ख्या भावासाठी शिवली होती. आई गेल्यावर त्यांनीच वाढवलेला धाकटा खिडकीजवळच्या खाटेवर होता.

त्या पिशवी बाहेर ठेवून आत गेल्या.

"कळलं मला, दारात का अडवलं ते," धाकटा म्हणाला. "मला इथं विचारतात, ती गोधडीवाली तुझी कोण? मी सांगतो, ओळखत नाही."

"खरंच असं सांगितलंस?"

"खरंच सांगितलं." त्यानं नजर चुकवली. मग नेहमीसारखा हसला. "जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर पाठवलं, ताई. माझी कशाला एवढी घाई?"

ताईंना हसू आलं नाही. घरी जाऊन त्यांनी गोधडी पेटीच्या तळाशी टाकली. तुकडे यापुढे भंगारात घाला, असं दुकानात सांगून टाकलं. मालकानं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "डोळे गेले माझे."

धाकटा दिवसेंदिवस वाळत चालला. औषध चढवलं की त्याला हुडहुडी भरायची. ताईंनी त्याला एकावर एक स्वेटर चढवले, मोजे घातले, तळवे चोळले. तरी दातांवर दात आपटायचे. जगाला ऊब वाटणाऱ्या बाईच्या घरी गोधडी पडून होती आणि पाठचा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत कुडकुडत होता. पण त्याच्यापुढे गोधडीचं नाव काढायची सोय नव्हती.

एकदा दुपारी मोठे डॉक्टर बघून गेले. धाकट्याशी ते काहीच बोलले नाहीत, नुसता खांदा थोपटून गेले. ते गेल्यावर त्यानं हाक मारली.

"ताई."

"काय रे?"

"आहे का ती अजून? की देऊन टाकलीस?"

काय, ते ताईंनी विचारलं नाही. "आहे," म्हणाल्या.

"उद्या आण."

"आणखी एक स्वेटर आणते की. जाड आहे चांगला."

"उद्या आण म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी आयाबाई दारातून बाजूला झाल्या. ताईंनी स्वतःच गोधडी उलगडली आणि त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. त्यानं दोन्ही हात आत घेतले. हळूहळू थरथर थांबली.

"गरम आहे गं," तो नवलानं म्हणाला. "उगीच थांबलो."

शेजारच्या खाटेवरचा मास्तर कालपर्यंत त्याच्याशी पत्ते खेळत होता. त्यानं पत्ते गोळा करून उशीखाली सारले आणि भिंतीकडे तोंड केलं.

ताईंनी गोधडीची कड भावाच्या पायांखाली नीट दुमडली.