गंगाजलातला तुकडा

बाटलीचं बूच उघडलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. शरीराचा तुकडा कुजू न देणारं फॉर्मलिन कसं डोळ्यांना झोंबायला हवं. इथं वासच नव्हता. अकोल्याच्या सर्जननं अनसूयाबाईंच्या उजव्या हातातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता. तो घेऊन त्यांचे यजमान, चिंतामणशास्त्री, बडनेऱ्याला उतरून टांग्यानं अमरावतीला माझ्या प्रयोगशाळेत आले होते.

"शास्त्रीबुवा, यातलं औषध कुठं गेलं?"

"सांडून देलं. हिच्या अंगाचा तुकडा त्या घाण पाण्यात कसा ठेवू? गंगाजल भरलं."

"पूजेला नेत होतात का तुकडा?" मी ओरडलोच. अहो, गाठ साधी की कर्करोगाची, हे मी दुभंगणाऱ्या पेशी पाहून ठरवायचो. एकीच्या दोन होत असतात, त्याच क्षणी फॉर्मलिन त्यांना धरून ठेवतं. अशा पेशी जागोजागी दिसल्या तर हात कोपरापासून काढायचा. नाहीतर नुसती गाठ. गंगाजलात सगळ्याच कुजल्या होत्या. काय कप्पाळ पाहणार?

शेवटी बाईंनाच अमरावतीला बोलावून पुन्हा तुकडा काढला. काचपट्टी तयार झाली त्या सकाळी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही श्वास रोखला गेला. पेशीच्या आत जांभळ्या धाग्यांचे दोन झुपके, एकमेकांपासून दूर सरकता सरकता थबकलेले. शेजारी आणखी एक तशीच. पट्टी सरकवावी तिकडे तेच. मी देवभोळा माणूस नाही, पण हे पाहताना हात जोडावेसे वाटतात.

कर्करोगच आहे, हात काढावा लागेल, हे मी दोघांना सांगितलं. मग शास्त्रीबुवांनी पाहिलं. "ब्रह्मदेवाचंच काम हे," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत बाजूला झाले.

"मले पाहू द्या नं," अनसूयाबाई म्हणाल्या. "हात त माझा आहे."

बराच वेळ त्या वाकून पाहत राहिल्या.

"पोटातलं लेकरू असंच वाढते का, डॉक्टर?"

"असंच. पण लेकराला कुठं थांबायचं ते कळतं. याला कळत नाही."

"किती सुंदर आहे हो!" त्या म्हणाल्या. मग डाव्या हातानं उजवा हात कोपरापासून बांगड्यांपर्यंत कुरवाळला. "काढून टाका."

शास्त्रीबुवा बाकावर बसून रडू लागले. बाईंनी तोच उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"काहून रडता? हात काढतील, तवा आणा तुमचं गंगाजल त्याच्यावर शिंपडाले. तवा कोणी रागावणार नाही."