कपाटाच्या दाराआडची चित्रं

रविवारचा पेपर डोंगरकडा गावात नांदेडच्या बसनं यायचा. रामकिशनला बातम्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं. शेवटच्या पानावर दोन खोडकर भावंडांची चित्रकथा असायची, ती तो स्वप्निलला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायचा. भावंडांनी मास्तरांच्या टोपीत बेडूक ठेवला, की बापलेक पोट धरून हसायचे. रामकिशनची बायको गोजरबाई त्या चित्रपट्ट्या कापून कपाटाच्या दाराला आतून खळीनं चिकटवायची.

नव्वद साली थोरलीला बघायला पाहुणे आले. मुलाचे मामा बाजेवर बसले होते. स्वप्निलनं चित्रात पाहिलं तसं त्यांच्या उपरण्याचं टोक बाजेला बांधलं. मामा उठायला गेले आणि मागच्या मागं आडवे झाले. सगळ्यात आधी तेच हसले, सोयरीकही जमली. पण चारचौघांत मान खाली गेली, असं रामकिशनला वाटलं. त्यानं पोराला सगळ्यांदेखत कासऱ्यानं झोडपलं.

"तुमीच तर हसत होता, आबा," लेकरू म्हणालं. त्यावर आणखी बसले.

रामकिशननं घरी पेपर आणणं बंद केलं. गोजरबाई नको नको म्हणत असताना जूनमध्ये पोरगं हिंगोलीच्या वसतिगृहात गेलं. सुट्टीत यायचं ते पाहुण्यासारखं. विचारलं तेवढंच बोलायचं. रामकिशनचं पोरगं कसं वळणाचं, असं गावात लोक म्हणायचे. आधी आधी रामकिशनला ते ऐकून बरंही वाटायचं.

दोन हजार नऊच्या दिवाळीत स्वप्निल पुण्याहून लेकीला घेऊन आला. लहानगी प्रियदर्शनी पाणी प्यायचं तरी आधी बापाकडं बघायची. रामकिशनला सुट्टीत पाहुण्यासारखा येणारा स्वप्निल आठवला. त्यानं तिला कपाटापाशी नेलं आणि पिवळी पडलेली चित्रं वाचून दाखवली. ती खदखदा हसली. मग त्यानं तिच्या कानात सांगितलं, बापाचे बूट लपव.

निघताना बूट सापडले ते धान्याच्या कणगीमागं. स्वप्निलनं लेकीला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. फक्त आजोबांपुढं कान धरायला लावले.

"माफ करा, आबा. घरी असं करत न्हाई ती."

"मीच सांगितलं होतं तिला," रामकिशन म्हणाला.

"राहू द्या आबा, तिची बाजू घेऊ नका."

पोरीनं कान धरलेलेच होते. गोजरबाई नवऱ्याकडं बघत राहिली. त्या दिवशी तुला मारायला नको होतं, हे रामकिशनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"बसला जागा मिळंल ना?" त्यानं विचारलं.

मिळेल, असं म्हणून स्वप्निल पाया पडला आणि बॅग उचलून निघाला.